आईचे चार दिवस

१७ जून २००३, मंगळवार

प्रात्यक्षिकाच्या वहीत उजवे पान रेघांचे असते आणि डावे कोरे. कोऱ्या पानावर आकृती काढायची असते. माझ्या प्रकल्पात आकृत्या नाहीत, म्हणून ही डावी पाने मी स्वतःसाठी ठेवली आहेत. ती पुढे फाडता येणार नाहीत, कारण प्रत्येकाच्या पाठीवर निरीक्षणे असतील. वही सादर करायच्या वेळी निरीक्षणे तेवढी दुसरीकडे उतरवून घेईन.

आज प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी विषय मंजूर केला : रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये स्नायुबल वाढवणाऱ्या व्यायामाचा रक्तदाबावर होणारा परिणाम. फिजिओथेरपीच्या वर्गात मला सगळे समजते आणि काहीच बोलता येत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात पहिली आलेली मी, इथे प्रश्न विचारला की वहीत तोंड घालते. तरीही हा विषय मी मागून घेतला.

वडनेरची शोभामावशी, आईची सख्खी मोठी बहीण, दोन वर्षांपूर्वी वयाच्या बावन्नाव्या वर्षी गेली. आठ दिवस तिचा जबडा आणि पाठ दुखत होती, पाण्याने भरलेली गुंडी आणताना दम लागत होता. सर्वांनी गॅस म्हटले. छातीत दुखत नव्हते, म्हणून हृदय कुणाच्याच मनात आले नाही. पाळी थांबल्यावर बाईच्या हृदयाचे संरक्षण कमी होते, स्नायूही झिजू लागतात, हे मी तेव्हा वाचलेले नव्हते.

आई आता एकोणपन्नास वर्षांची आहे. मागील आठवड्यात कॉलेजातून यंत्र आणून तिचा रक्तदाब मोजला : एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. मॅडमच्या नियमाप्रमाणे मला बारा स्त्रिया हव्या आहेत. खरे तर मला एकच हवी आहे; तिची पाळी अजून थांबलेली नाही, पण आता थांबतच येईल.

२१ जून, शनिवार

आई कालपासून बाहेर बसली आहे. हे लिहितानाही मला संकोच होतो. बोरगाव मेघेत आमच्या आजूबाजूच्या घरांतून ही प्रथा जवळजवळ गेली, पण बाबा सोवळ्याचे फार पक्के. पुढे किराणा दुकान, मध्ये घर, मागे अंगण आणि अंगणापलीकडे ती खोली. महिन्यातले चार दिवस आई तिथे. चटई, घोंगडी, वेगळे ताट. माझ्या दिवसांत मला कॉलेजमुळे सूट आहे. मी फक्त चूल आणि देवघर टाळते. चुलीजवळ मी एरवीही नसते. माझ्या हाताला कधी पीठ लागले नाही, कारण मी हुशार होते.

या चार दिवसांत दादा, म्हणजे भूपेंद्र, पाणी भरतो आणि रूपरावकाका स्वयंपाक करतात. मी ताट आणि ग्रंथालयातले मासिक घेऊन गेले, तेव्हा आई पाय भिंतीला लावून उताणी पडली होती. सकाळचे नऊ वाजले होते.

"आज काय बिघडवलं रूपरावभाऊजीनं?"

"वरनात मीठ दोनदा पडलं."

"पडू दे. एकादिवशी खारट खाल्लं तं काई होत नाई त्याइले," असे म्हणून ती इतकी हसली की घोंगडीत तोंड लपवावे लागले.

अशा अपमानास्पद कोठडीत माणूस प्रसन्न कसे राहू शकते, याचे मला नवल वाटते. तिचे दुर्दैव असे की मागील वर्षी आणि त्याआधीच्या वर्षीही ती नेमकी महालक्ष्म्यांच्या सणात बाहेर होती. सोळा भाज्यांचा, पुरणपोळ्यांचा स्वयंपाक बाबांना आचाऱ्याकडून करून घ्यावा लागला. बाबा फार हळहळले होते. आईने मात्र एका शब्दानेही तक्रार केली नाही.

३ जुलै, गुरुवार

प्रश्नावली घेऊन अकरा घरे झाली. तिसरा प्रश्न, पाळी कधी थांबली, हा मला तोंडाने विचारता येत नाही. मी कागद पुढे करते आणि बोट ठेवते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापुढे मी इतका वेळ गप्प बसते की त्याच शेवटी म्हणतात, "थांबली ना बाई, थांबली. पुढचं इचार."

आज आईपुढे कागद ठेवला. तिने सावकाश वाचला. ती सातवीपर्यंत शिकली आहे.

"हे कोन वाचनार?"

"कोनीच नाई. नाव नसते आई, फक्त नंबर असते."

तिने अंगणाकडे पाहिले आणि मग हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं झाली. शोभाताई गेली, त्याच्या पुढच्या महिन्यापासून."

"मंग तू दर महिन्याले काऊन—"

"नंबर लिही ना. अन् कोनाले सांगू नको. तुह्या बाबाले तं बिलकुल नाई."

मी बारा हा आकडा लिहिला. तेव्हापासून विचार करते आहे. पाळी थांबली हे कळले की बाईला लोक म्हातारी म्हणतात, आणि त्या लाजेपोटी आई दर महिन्याला हे खोटे विटाळशीपण सोसते आहे! एक बंधन विटाळाचे आणि दुसरे ते लपवण्याचे. शिकलेल्या मुलीने आईला यातून सोडवायचे नाही, तर शिक्षणाचा उपयोग काय?

८ जुलै, मंगळवार

आमच्या वस्तीत वजने एकाच ठिकाणी आहेत : मारुतीच्या मंदिरामागची व्यायामशाळा. टिनाचे छप्पर, मातीचा आखाडा, एका बाजूला लोखंडी वजने आणि लाकडी मुद्गल. संध्याकाळी पाच ते सहा ती रिकामी असते. मी अर्ज लिहून नेला. अध्यक्ष पुंडलिकराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि तानबाजी वस्ताद. तानबाजींनी अर्ज हातातही घेतला नाही.

"बायांनी वजन उचलाचं? काऊन? घरी कमी उचलते का त्या?"

मला उत्तर माहीत होते. घरचे ओझे थकवते. वजन ठरवून, मोजून, हळूहळू वाढवले तरच स्नायू बळकट होतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. पुंडलिकरावांनी अर्ज मोठ्याने वाचला. "वा! काय भाषा आहे पोरीची. वस्ताद, आता असं मराठी ऐकायला मिळत नाही."

"भाषा चांगली असन जी. पन रजो... ते काय म्हनलं, ते म्हंजे?"

पुंडलिकराव खोकले. "म्हणजे ज्यांची अडचण संपली आहे अशा."

तानबाजींचा चेहरा बदलला. "मंग असं सांगा ना. तशा बायांचं मारुतीले चालते. माही माय बी तसं झाल्यावरच ओट्यावर चढे. पन खात्री पायजे, भाऊ. एक बी अडचनीतली आली तं मारुतीचं ठाणं बाटते." मग माझ्याकडे वळून, "यादी आनजो पोट्टे. तुह्या सहीची. तू डाक्टर होऊन राह्यली नं."

मी डॉक्टर होत नाही, हे मी सांगितले नाही.

१३ जुलै, रविवार

यादी केली. क्रमांकांवरून पुन्हा नावे काढताना हात थबकला. मी या स्त्रियांना नाव कुठेही येणार नाही असे सांगितले होते. परंतु यादी फक्त दोन वयस्क माणसे पाहतील आणि फाइलमध्ये ठेवतील. शिवाय त्या वर्गाला येणारच आहेत. आल्या म्हणजे कळणारच.

आईला आज चौथ्यांदा विचारले. ती म्हणाली, "मी नाई येत. मले तिथं पाहून काय समजतीन लोक?" म्हणजे माझा तर्क बरोबर होता. तिला लाज वाटते.

बाराव्या क्रमांकापुढे मी तिचे नाव लिहिले. एकदा नाव गेले की तिला यावेच लागेल. गोळी कडू म्हणून कोणी रोग्याला विचारत बसत नाही. सही केली. अक्षर चांगले आले.

१६ जुलै, बुधवार

व्यायामशाळेबाहेर रस्त्याकडे तोंड करून काळा फलक आहे. त्यावर पुंडलिकराव रोज रंगीत खडूने सुविचार लिहितात. आज सुविचार नव्हता.

"रजोनिवृत्त भगिनींसाठी शक्तिवर्धन वर्ग. खालील भगिनी तपासणीअंती प्रवेशास पात्र ठरल्या आहेत." त्याखाली पतीच्या नावासह बारा नावे, प्रत्येकीच्या आरंभी पिवळ्या खडूचे फूल. शेवटी : सौ. सुलोचना किसनराव साटोणे.

मी सायकलवरून उतरले. दोन विद्यार्थी फलक वाचत होते.

"रजोनिवृत्त म्हंजे काय बे?"

"रिटायर झाल्या असतीन."

पुंडलिकराव खडूचे हात झटकत बाहेर आले. "कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "अक्षर सुंदर आहे, सर."

एवढेच म्हणाले. पुसून टाका, असे म्हणायला तीन शब्दही लागले नसते. तिथून कॉलेजला गेले, चार तास केले. परत आले तेव्हा फलकासमोर चांगलाच मोठा घोळका होता, आणि मी मागच्या गल्लीने घरी आले.

१७ जुलै, गुरुवार

बाबांना दुकानात गिऱ्हाइकाने सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते आनंदले.

"सांगाचं तरी! एवढे दिवस उगाच बाहेर बसून राह्यली. लाजली असन बिचारी." मग जेवताना सर्वांदेखत, "आता सुटली तू. आता देवाचं सगळं तुह्या हातचं. औंदाच्या महालक्ष्म्या आचाऱ्याच्या नाई, तुह्याच हातच्या. चतुर्थीले केळझरले जाऊ गणपतीले. आता काई आडकाठीच नाई."

काका म्हणाले, "माही बी सुट्टी झाली म्हना की." दादा म्हणाला, "अन् पान्याचं?" सगळे हसले.

आई तांदूळ धूत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तांदळात हात घातला. तांदूळ तिने किती वेळा धुतले ते मी मोजत होते. सात वेळा.

२८ जुलै, सोमवार

वर्ग सुरू झाला. बारापैकी चारजणी आल्या. बाकीच्यांपैकी एकीने निरोप पाठवला की तिच्या सुनेने फलक वाचला आणि ती आता तोंड दाखवू शकत नाही. एकीने मला रस्त्यात पाहून पदर ओढून घेतला. कोणी रागाने बोलले असते तर बरे झाले असते.

आल्या त्यांत कौशल्याबाई सर्वांत मोठ्या, साठीच्या. कापसाच्या जिनिंगमध्ये उभे आयुष्य गेलेल्या. मी दोन किलोचे वजन हातात दिले.

"सत्तर किलोचं पोतं पाठीवर घेतलं मी, अन् तू मले हे खुळखुळं देऊन राह्यली?"

मी आठ वेळा, सावकाश, कोपर न हलवता, असे सांगितले. सहाव्या वेळी त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी वजनाकडे संशयाने पाहिले. "आँ? हे तं पोत्याहून जड निंगालं!"

बाजूला उभ्या असलेल्या सीताबाई म्हणाल्या, "बाई, डोक्यावर घेऊ नाई देत नं, म्हनून जड लागते."

आई आली नाही. मी विचारले तर म्हणाली, "मले टाइम कुठं आहे?"

११ ऑगस्ट, सोमवार

बाबांनी मागची खोली दुकानासाठी घेतली. साखरेची पोती, साबणाचे खोके, तेलाचे डबे छतापर्यंत लागले. "रिकामीच तं होती," ते म्हणाले. आईची चटई गुंडाळून कोनाड्यात उभी केली आहे.

तिचा रक्तदाब आज एकशे सत्तर, एकशे दोन.

संध्याकाळी वर्गात कौशल्याबाईंनी विचारले, "काऊन वं, तुही माय नाई येत?"

"तिले लाज वाटते," मी म्हणाले.

कौशल्याबाईंनी वजन खाली ठेवले. "लाज? पोट्टे, तिले लाज नाई वाटत. तिले झोप पायजे होती."

मला समजले नाही, हे त्यांना समजले असावे.

"मी पाच वर्षं बसली तशी. थांबल्यावर. सून म्हने, सासूबाई, तुमची कधी थांबन? मी म्हनलं, आमच्या माहेरी साठीपावतर राहते!"

सगळ्या हसल्या. सीताबाई म्हणाल्या, "मी तं पाहुने येनार दिसले का बसे. एका महिन्यात दोनदा बसली, तं नवरा म्हने डाक्टरकडं चाल." पुन्हा हशा. मग एकदम त्यांना आठवले की यादी कोणी केली होती, आणि त्यांनी वजने पुन्हा उचलली.

"जाऊ दे," कौशल्याबाई हलकेच म्हणाल्या. "तू शिकत राह्यली. तुले काय ठाऊक."

दर महिन्याचे चार दिवस. नऊ वाजेपर्यंत पाय भिंतीला लावून पडणे. दोन सणांच्या वेळी ठरवून बाहेर बसणे, आणि मी त्याला दुर्दैव म्हटले. हे सगळे माझ्या डोळ्यांपुढे होते. मी त्या खोलीत ताट घेऊन जात होते. मी तिला कोठडीतून सोडवले म्हणत होते. त्या घरात तिची अशी तेवढीच एक खोली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लिहवत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार. दवाखान्यातून

परवा महालक्ष्म्यांचे पूजन होते. तीन दिवस आई पहाटे चारपासून चुलीपुढे. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वडे, पंचेचाळीस पाने. मला मदत करता आली नाही, कारण दोन तारखेपासून माझेच दिवस आले. मी अंगणातल्या दगडावर बसून खिडकीतून तिची पाठ पाहत होते. बाबा पंगतीत फिरत सांगत होते, "सगळं घरच्याच हातचं आहे जी, सगळं."

पुरुषांची पंगत उठली आणि आईने पुरणाची परात खाली ठेवून गालावर हात दाबला.

"काय झालं?" मी खिडकीतून विचारले.

"दाढ दुखून राह्यली."

तिच्या कपाळावर घाम होता. चुलीपुढे घाम येतोच. पण ती दुसरा हात पाठीमागे नेऊन खांद्याच्या खाली चोळू लागली, आणि मला वडनेरचे घर दिसले.

मी आत गेले. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, नैवेद्याच्या ताटांमधून, त्या अवस्थेत. बाबा ओरडले, "अवं, तुले आज जमत नाई! शिवू नको!" मी आईला दोन्ही हातांनी धरले आणि खाली बसवले. आयुष्यात प्रथमच मी पंचेचाळीस माणसांसमोर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. दादा सांगतो की मी म्हणाले, "हे गॅस नाई! दादा, ऑटो आन!"

जिभेखाली गोळी, सुई, हृदयाचा आलेख. डॉक्टर म्हणाले, झटका नाही, पण हृदयाला रक्त कमी पडत आहे, वेळेत आणले. सर्व म्हणतात मी आईला वाचवले. काका तर ओळखीच्या माणसाला बोलावून सांगतात. मी प्रत्येक वेळी उठून व्हरांड्यात जाते.

आज सकाळी डॉक्टरांनी आईला विचारले, "घरी विश्रांती किती मिळते, बाई?"

आई म्हणाली, "पयले मिळत होती जी."

१० सप्टेंबर, बुधवार

आई काल घरी आली. आज दुपारी ती पलंगावर होती आणि मी जमिनीवर. मी पाठ केलेले सगळे विसरले आणि फक्त म्हणाले, "आई, माहं चुकलं. मी बाबाले सांगतो सगळं. तू काऊन बसत होती ते. ते खोली खाली करतीन."

"नाई." तिने डोळे उघडले. "आता माह्या वतीनं कोनाले काई सांगू नको. लेखी तं बिलकुल नको."

मी रडू लागले. तिने रडू दिले.

बऱ्याच वेळाने ती स्वतःहून बोलू लागली. "शोभाताई गेली तवा मी महिनाभर तिच्या घरी होती. तिच्या चुलीपाशी भिंतीले एक डाग होता, तिच्या डोक्याच्या तेलाचा. बसल्या बसल्या डुलकी लागली का ती तिथं डोकं टेकवे. मी जावयबापूले इचारलं, हे काय आहे? त्याइले ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं राह्यली ती त्या घरात. मंग पुढच्या महिन्यात माही थांबली. मले वाटलं, आता हे चार दिवस बी गेले. कोनाले सांगितलंच नाई."

"मले तरी सांगाचं होतं."

"तुले सांगितलं होतं ना."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"माफ केलं असं समजू नको," ती कूस बदलत म्हणाली. "राग हाये मले अजून. पाहू."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चालत्या पट्ट्यावरची तपासणी झाली. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून हलका व्यायाम करायला हरकत नाही म्हटले, अगदी कमी वजनापासून. मी आईला येतेस का असे विचारले नाही. तिने जेवताना बाबांना सांगितले :

"सोमवारपासून मी मारुतीच्या ठाण्यावर चालली. आठवड्यातून तीनदा, पाच ते सहा."

"अन् च्याचं? दुकान सोडून कोन करन?"

"तुम्हीच म्हनलं नं, आता देवाले काई आडकाठी नाई म्हनून."

 मारुतीच्या दारी जाऊ नको असे बाबांच्याने म्हणवेना. मग ते हळूच म्हणाले, "डाक्टरनं जपा म्हनलं आहे तिले. रूपराव, तू पाहजो." काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "मी एकटा नाई बा. हे बी येईन."

मी कणीक भिजवली. पाणी जास्त झाले, मग पीठ जास्त झाले, मग परात लहान पडली. काका म्हणाले, "पयली आली म्हंते ना तू बारावीत?"

२२ सप्टेंबर, सोमवार

आई आली. दारात चपला काढल्या, मारुतीला लांबून हात जोडले आणि आत येऊन छपराखाली सगळीकडे पाहिले. कौशल्याबाईंनी "या, सुलोचनाबाई" म्हटले आणि अंथरलेल्या सतरंजीवर सरकून जागा केली. पूर्वी न येणाऱ्यांपैकी आज दोघी परत आल्या होत्या. मी आईचा रक्तदाब घेतला, नोंदला आणि एक किलोचे वजन तिच्यापुढे ठेवले.

ती त्याला हात न लावता म्हणाली, "इथं पुरुष येत नाई ना सहापावतर?"

"नाई."

"कोनी बोलवाले येनार नाई?"

"नाई, आई."

ती सतरंजीवर आडवी झाली. पदर तोंडावर घेतला. दोन मिनिटांत तिला झोप लागली.

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. प्रकल्पाच्या पद्धतीत हे बसत नव्हते. एरवी आम्ही मोजणी मोठ्याने करतो. मी वजन उचलले आणि ओठ न हलवता सुरुवात केली. कौशल्याबाईंना कळले. मग सीताबाईंना. सातजणी एका लयीत हात वर नेत होत्या, खाली आणत होत्या, आणि छपराखाली बांगड्यांखेरीज आवाज नव्हता. मग सीताबाईंनी बांगड्या कोपराकडे वर सारल्या, आणि इतरांनीही.

तानबाजी दारात आले. "मोजनी काऊन बंद पडली?"

कौशल्याबाईंनी ओठांवर बोट ठेवले. तानबाजींनी सतरंजीकडे पाहिले. वस्ताद आल्या पावली निघून गेले, आणि बाहेर कुणाला तरी "थांब बे, आत नाई जाचं अजून" असे दटावताना ऐकू आले.

उजव्या पानावर मी लिहिले : क्रमांक बारा, उपस्थित. उचललेले वजन : शून्य. मॅडम विचारतील. सांगावे लागेल, तोंडाने.

सहानंतर बायका एकेक करून पाय न वाजवता गेल्या. मी आईजवळ बसून राहिले. सव्वासहा झाले होते, तेव्हा पदराखालून तिचा आवाज आला.

"सहा वाजले का वं?"

मी घड्याळ असलेले मनगट उलटे केले.

"अजून नाई," मी म्हणाले. ती कुशीवर वळली.